पिवळ्या काढ्याची कुळकथा

जुलाबाने मरणपंथाला लागलेल्याला माणसाच्या विष्ठेचे पाणी पाजावे, असे चौथ्या शतकात चीनमधल्या गे होंग या वैद्याने लिहून ठेवले. सोळाव्या शतकात ली शिजेनच्या ग्रंथातही तशी औषधे आली आणि त्यांना ‘पिवळा काढा’ असे सोज्वळ नाव मिळाले. नाव ठेवणारा हुशारच म्हणायचा.

आजच्या उपचाराची मुळे मात्र १९५८ मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये सापडतात. अँटिबायोटिक घेतलेल्या काही रोग्यांना भयंकर जुलाब लागत, आतड्याला आतून पिवळट पापुद्रे धरत आणि बरेच जण दगावत. औषधाने आतड्यातले नेहमीचे जंतू मेले असतील तर ते परत घालावेत, असे शल्यचिकित्सक बेन आइझमन यांना वाटले. त्यांनी चार रोग्यांना निरोगी माणसाच्या मलाचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले. खरा गुन्हेगार तेव्हा माहीतच नव्हता, संशय होता स्टॅफिलोकॉकसवर! क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल पकडला गेला तो १९७८ च्या सुमारास.

त्याच्यावर व्हँकोमायसिन लागू पडले, मग एनिमाच्या वाटेला कोण जातो? पण हा जंतू बीजाणू होऊन दबा धरतो. बीजाणूंना औषध शिवत नाही. औषध थांबले की साधारण पाचांतल्या एकाचे दुखणे उलटते, आणि एकदा उलटले की पुन्हा उलटण्याची भीती वाढतच जाते.

अशाच उलटलेल्या रोग्यांवर ॲमस्टरडॅममध्ये चाचणी झाली. आधी चार-पाच दिवस व्हँकोमायसिन, मग चार लिटर रेचक पाजून आतडे धुणे, आणि शेवटी दात्याच्या मलाचे मिठाच्या पाण्यात कालवून गाळलेले अर्धा लिटर द्रावण, नाकातून नळी घालून सावकाश आत. सोळांपैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले; नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी चार. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवली. २०१३ मध्ये हे आकडे छापून आले आणि नाके मुरडणारे गप्प झाले.

धोका नव्हता असे नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या मलातून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायने एक रोगी दगावला. तेव्हापासून दात्यांची तपासणी आणखी कडक झाली. २०२३ मध्ये तिथे कॅप्सूललाही परवानगी मिळाली: रोज चार, तीन दिवस. दात्याच्या मलावर इथेनॉलची प्रक्रिया केली की बाकीचे जंतू मरतात आणि उपकारक जंतूंचे बीजाणू तेवढे तगतात. कॅप्सूलमध्ये भरतात ते हेच.