कंपनीचा की बाहेरचा?

लंडनमध्ये लिली अँड स्किनर नावाची बुटांची एक प्रसिद्ध पेढी होती. त्या घराण्यातील हर्बर्ट स्किनर यांचा व्यवसाय बुटांचा, पण ओढा मोटारींकडे. १९०४ मध्ये त्यांनी नव्या धर्तीचा कार्ब्युरेटर तयार केला. त्यात चामड्याचा एक लहानसा भाता होता. हा पहिला भाता आपल्या आईने शिवला होता, अशी आठवण त्यांच्या मुलाने पुढे सांगितली आहे. हर्बर्ट पुढेही बुटांच्या पेढीतच राहिले. धाकटे भाऊ कार्ल यांनी मात्र पेढीतील आपला हिस्सा विकून या यंत्राचा धंदा अंगावर घेतला. १९१० मध्ये कंपनीची नोंदणी झाली. स्किनर्स युनियन या नावातील अक्षरे घेऊन तो कार्ब्युरेटर ‘एस.यू.’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९२६ मध्ये ही कंपनी विल्यम मॉरिस यांच्याकडे गेली आणि मॉरिस व एम.जी. या गाड्यांशी एस.यू.चे नाते कायमचे जुळले.

जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न केव्हातरी येतोच. कार्ब्युरेटर झिजला आहे. आता कंपनीचाच दुरुस्त करून घ्यायचा, की बाजारात मिळणारा दुसऱ्या बनावटीचा बसवायचा? ‘बाहेरचा घाला, कटकट मिटेल’, असा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे आणि बराच इतिहास आहे. उदाहरण म्हणून आपण एम.जी.बी. ही गाडी घेऊ. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ती पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या ‘बी-मालिके’तले, त्याच मालिकेतले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये होते. त्यामुळे हा सगळा मामला आपल्याला अगदीच परका नाही.

कार्ब्युरेटरचे काम सांगायला सोपे आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन हवा ओढते. त्या हवेत योग्य तेवढे पेट्रोल मिसळायचे. हवेची नळी मध्येच अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल वर ओढले जाते. बर्नुलीचे हे तत्त्व अकरावीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. अडचण अशी की हा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हवा चौपट कमी झाली, तर ओढा सोळापट कमी होतो. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन जेमतेम श्वास घेत असते. तेव्हा मुख्य जेटमधून पेट्रोलचा थेंबही येणार नाही.

यावर दोन उत्तरे निघाली. पहिले असे की अरुंद भाग कायमचा ठेवायचा आणि निरनिराळ्या गरजांसाठी निरनिराळ्या वाटा करायच्या: सावकाश चालीसाठी एक जेट, वेगासाठी दुसरे, अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप. बहुतेक कार्ब्युरेटर याच जातीचे. स्किनर यांनी उलटा विचार केला. वेग बदलतो हीच अडचण असेल, तर वेगच बदलू द्यायचा नाही! हवा वाढली की अरुंद भागच रुंद व्हावा. पहिल्या नमुन्यात हे काम भाता करीत असे. पुढे त्याजागी धातूचा दट्ट्या आला. दट्ट्या हवेच्या ओढीने वर उचलला जातो. त्याच्या बुडाशी निमुळती सुई असते, ती जेटमध्ये खालीवर होते. दट्ट्या वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, फट वाढते, पेट्रोल वाढते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर दट्ट्याही एकदम उसळू नये म्हणून वरच्या नळीत थोडे तेल असते. त्या क्षणभराच्या विलंबात ओढा वाढतो आणि मिश्रण आपोआप थोडे घट्ट होते. एक जेट, एक सुई. मला तरी हे उत्तर अधिक देखणे वाटते.

सगळी विद्या त्या सुईत आहे. तिच्या लांबीवर दर एक-अष्टमांश इंचाला व्यास ठरवून दिलेला असतो आणि अशा शेकडो सुया निरनिराळ्या इंजिनांसाठी तयार झाल्या. एम.जी.बी.च्या दीड इंची एस.यू. जोडीतही गाडीच्या सालानुसार सुई बदलत गेली. म्हणजे जुन्या गाडीतली सुई ही त्या काळच्या अभियंत्यांची चाचणी-वहीच म्हणायची, फक्त पितळेत लिहिलेली. कार्ब्युरेटर काढून टाकला की ही वही गाडीपासून तुटते.

आता बाहेरचा कार्ब्युरेटर. एम.जी.बी.साठी सर्वात जास्त घेतला जातो तो इटालियन ‘वेबर’. एदोआर्दो वेबर यांनी फियाटमध्ये उमेदवारी केली आणि १९२३ मध्ये बोलोन्या येथे कारखाना काढला. गंमत अशी की त्यांचा माल प्रथम आला तो फियाट गाड्यांत फेरफार करण्याच्या जोडसंचातून. म्हणजे वेबर हा जन्मानेच ‘बाहेरचा’. पुढे तोच फेरारीत आणि फोर्डमध्ये कारखान्यातून बसून येऊ लागला आणि ‘कंपनीचा’ झाला.

एम.जी.बी.वर वेबर बसवला की दोन कार्ब्युरेटरांच्या जागी एकच येतो. दोन्ही एस.यू. सारखेच श्वास घेतात का, हे रबरी नळी कानाला लावून ऐकत बसण्याचे काम वाचते. शर्यतीच्या इंजिनाला मोठा वेबर फायदाही देतो. पण साध्या इंजिनाला लाभ थोडाच, कारण अडसर दुसरीकडे आहे. बी-मालिकेत चार सिलिंडरांना हवा आत घेण्याची भोके दोनच. पेट्रोल १-३-४-२ या क्रमाने पेटते. म्हणून एका भोकावरचे दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात आणि मग बराच वेळ शांतता. भोवतीचा कार्ब्युरेटर बदलल्याने हे बदलत नाही.

आणि एस.यू.बद्दलच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक असते. थ्रॉटलचा दांडा झिजतो, कडेने चोरवाटेने हवा शिरते आणि मग काही केल्या स्लो जमत नाही. नवे बुश घातले, दांडा बदलला, की तोच कार्ब्युरेटर पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. म्हणून साध्या वापरातल्या गाडीला आधी दुरुस्ती, हेच माझे मत.

पण ‘मूळ’ म्हणजे कोणत्या सालचे? अमेरिकेतील धूरनियंत्रणाच्या नियमांमुळे १९७५ पासून तेथील एम.जी.बी.ला एस.यू.च्या जोडीऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग बसवला गेला. अश्वशक्तीचा जाहीर आकडा सुरुवातीच्या ९५ वरून ६२ च्या आसपास आला (यात मोजण्याची पद्धत बदलल्याचाही भाग आहे). आज तेथील अनेक मालक तो काढून जुनी एस.यू. जोडी बसवतात आणि गाडी ‘ओरिजिनल’ केल्याचे सांगतात. त्या विशिष्ट गाडीवर एस.यू. कधी नव्हतेच! १९७५ च्या गाडीवरचा तो बदनाम स्ट्रॉमबर्ग हाच त्या काळच्या हवा-प्रदूषणाच्या वादाचा पुरावा आहे.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये मान्य केलेली ट्यूरिन सनद येथे उपयोगी पडते. प्राचीन वास्तूंसाठी १९६४ मध्ये केलेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. बदल कमीत कमी करावा, तो परत फिरवता यावा आणि त्याची नोंद ठेवावी, असा तिचा रोख. त्या हिशोबाने वेबर बसवणे हा गुन्हा नाही. मात्र उतरवलेली एस.यू. जोडी, तिचे मॅनिफोल्ड आणि सुया खोक्यात घालून, चिठ्ठी लावून, गाडीबरोबर ठेवायला हव्यात. भंगारात गेल्या की परतीची वाट बंद.

शेवटी आपल्याकडची एक नवी अडचण. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यास सर्वत्र सुरुवात झाली. एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. तेव्हा ०.८ × १४.७ अधिक ०.२ × ९, म्हणजे जवळजवळ १३.६ (वर्गात ढोबळ मानाने करून घेण्याजोगे गणित). तेवढ्याच हवेला आता सुमारे ८ टक्के अधिक इंधन हवे. कार्ब्युरेटरला तर हे कळत नाही. वेबरमध्ये एकेक वाटेचे जेट बदलावे लागते. जुन्या एस.यू.त जेटखालचा षट्कोनी नट एखाद-दुसरा पैलू फिरवून जेट खाली घ्यायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर जाड सुई काढून बारीक घालायची. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर मात्र दोन्हींत आधी बदलायला हवेत, कारण इथेनॉलने ते फुगतात.