दुरून टिपलेला वाघ

श्रोतेहो, पांढरकवड्याकडच्या पऱ्हाटीत सकाळी ओल्या मातीवर पंजा उमटलेला दिसला, की गावात पहिला प्रश्न निघतो, 'वाघ आला का?' आणि लगेच दुसरा, 'कोणता?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपले वाडवडील मातीवरूनच देत आले. दुसऱ्याचे खात्रीचे उत्तर द्यायला कॅमेरा लागला. तो कॅमेरा फिल्म सोडून डिजिटल कसा झाला, तेवढे आज सांगतो.

जवळ न जाता वाघाचे चित्र घ्यावे, ही कल्पना जुनीच आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेत अडकला की उजेडाचा भडका होई आणि चित्र निघे. १९२७ साली त्याने ही हकीकत पुस्तकरूपाने छापली.

पुढे दूरचे जवळ आणणारी लांब भिंगे आली. पण फिल्मच्या मर्यादा होत्याच. वाघ निघणार सांजसकाळी, आणि त्या वेळी उजेड अपुरा. लांब भिंगात हाताचा थोडा कंपही मोठा होऊन दिसतो, म्हणून चित्र पापणी लवायच्या आत घ्यावे लागते. तर चांगल्या रंगीत फिल्मला उजेड हवा भरपूर! शिवाय एका रोळात चित्रे छत्तीस. ती नीट आली की नाही, हे रोळ शहरात धुऊन येईपर्यंत कळायचे नाही.

१९९० च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात वाटेच्या दोन्ही बाजूंस आपोआप चालणारे कॅमेरे लावून वाघ मोजले. दोन्ही बाजूंस का? तर वाघाच्या उजव्या कुशीवरचे पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच ते, बरं का! पण तेव्हा कॅमेऱ्यांत फिल्मच होती. हरणांचा कळप पुढून गेला की रोळ संपलाच.

पहिला डिजिटल कॅमेरा अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवला. एक काळेपांढरे चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. तेवढ्यात वाघ नाला ओलांडून जाईल! पण पुढे हेच यंत्र अंधुक उजेडात पाहू लागले, आणि एका लहानशा कार्डावर हजारो चित्रे मावू लागली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूंशी एका वाघिणीचे नाव जोडले गेले. वनखात्यात ती टी-१, लोकांत अवनी. गुराखी रानात जायला धजेनात. कॅमेऱ्यांनी ती आणि तिचे दोन बछडे टिपले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली, आणि वाद पेटला. तेराही बळी तिचेच का? इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वाघीण त्या वाटेने गेली, एवढेच चित्र सांगते. माणूस कुणी मारला, हे ते सांगत नाही.

दुसरी हकीकत सुखाची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. पट्टे जुळवून पाहिले, तर तो आपल्या टिपेश्वरचा निघाला! शेतशिवारे, रस्ते ओलांडीत तो शेकडो किलोमीटर चालून गेला होता.

गुरुजींना एक विनंती. हल्ली कुणाच्याही मोबाईलवर 'आपल्या शिवारातला वाघ' येतो आणि घटकाभरात गावभर होतो. मुलांना विचारायला शिकवा, 'हे चित्र कुठले? केव्हाचे? कुणी काढले?' चित्र खोटे असेल तर गाव उगाच भिईल. खरे असेल आणि आपण हसण्यावारी नेले, तर एखादा गुराखी जिवाला मुकेल.

आणि चित्र खरे निघाले, तर ते पाहायला रानात धावू नका. वनखात्याला कळवा. दूरचे भिंग माणसाने घडवले ते माणूस आणि वाघ दोघांनीही आपापल्या जागी राहावे म्हणून.