चालताना पाय दुखतो: 'नस' रक्ताची की मणक्यातली?

चालायला लागलं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. वय पन्नाशीपुढचं असेल तर घरातच निदान होतं: 'नस दबली.' अडचण अशी, की बोलण्यात 'नस' हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो आणि मज्जातंतूलाही. उपचार मात्र दोन्हींचे वेगळे.

पहिल्या प्रकारात पायाला रक्त पुरवणारी धमनी आतून अरुंद झालेली असते. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते पोहोचत नाही आणि बहुतेकदा पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतं. दुसऱ्यात कमरेच्या मणक्यांमधली पोकळी अरुंद होऊन मज्जातंतू दाबले जातात. तेव्हा कुल्ल्यापासून खाली मुंग्या, बधिरपणा, जडपणा जाणवतो.

खरी खूण म्हणजे दुखणं कशानं थांबतं. धमनीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत ओसरतं. मणक्याच्या रुग्णाला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, कारण वाकल्यावर आतली जागा थोडी मोकळी होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कळसूबाईचं (१,६४६ मीटर) उदाहरण घ्या. चढताना अंग आपोआप पुढे झुकतं. त्यामुळे मणक्याचा त्रास असलेल्याला चढ त्यामानाने सोपा जातो, उतार छळतो. धमनीच्या रुग्णाची पोटरी मात्र चढावर लवकर दुखू लागते. (हे तपासायला शिखर गाठायची गरज नाही, घराजवळचा चढ पुरे.)

अनेक जण थेट एमआरआय काढतात. पण साठीनंतर त्रास नसलेल्यांच्या मणक्यातही अरुंदपणा दिसू शकतो आणि मग खरी अडचण धमनीत असूनही दोष मणक्यावर जातो. म्हणून आधी डॉक्टरांकडून पावलांची नाडी तपासून घ्यावी. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हे गुणोत्तर ०.९ किंवा कमी आलं तर धमनीचा आजार धरतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी ही तपासणी टाळू नये: पायाची धमनी अरुंद असलेल्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो. काहींना दोन्ही आजार एकत्रही असतात.

पाय अचानक थंडगार, पांढरा पडून असह्य दुखू लागला, किंवा पाय दुखत असताना लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठावं.