रिकामा व्हावा म्हणून बांधलेला पिंजरा

मॉरिशस म्हटलं की आपल्या मंडळींना हल्ली मधुचंद्राच्या सहली आठवतात. माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला आठवतात ते गिरमिटिये. १८३४ पासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षं हिंदुस्थानातून जवळपास पाच लाख माणसं करारावर त्या बेटावर उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, मराठी शिकतात. हा भाग मी वर्गात नेहमी रंगवून सांगत असे. पण ज्या उसासाठी ही माणसं नेली, त्या उसाच्या जागी आधी काय होतं, हे मला कुणी विद्यार्थ्याने विचारलं नाही आणि पाठ्यपुस्तकातही नव्हतं. तिथे जंगल होतं, आणि त्या जंगलात पोपट होते. आजची गोष्ट त्यांची.

बेटावर पूर्वी माणसाची वस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच उतरले. डोडो पक्ष्याचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. डोडोचं नाव झालं, म्हणी झाल्या. पण त्याच बेटावर मोठ्या चोचीचा एक पोपट होता, तोही गेला. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरच्या पोपटाची शेवटची नोंद १८७५ ची. रियुनियनचा पोपट त्याच्याही आधी संपला. या बेटांवर एकच जात कशीबशी तग धरून राहिली, ती म्हणजे मॉरिशसचा 'एको' पोपट.

हा पोपट आपल्याला परका नाही. त्याचे पूर्वज फार प्राचीन काळी आशियाच्या बाजूने समुद्र ओलांडून गेले असावेत, असं शास्त्रज्ञ सांगतात. आपला गळ्यावर कंठ असलेला नेहमीचा पोपट हा त्याचा जवळचा भाऊबंद. एको थोडा जाडसर, गडद हिरवा, शेपूट आखूड. नराची चोच लाल, मादीची काळी. आपला पोपट पेरूच्या बागेतही सुखी आणि शहरातल्या पिंपळावरही सुखी. एकोचं तसं नाही. त्याला जुन्या देशी झाडांची फळं-पानं लागतात आणि घरट्याला म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते.

नेमकी तीच झाडं तुटली. आधी डच, मग फ्रेंच, मग १८१० पासून इंग्रज. ऊस वाढत गेला, चहा आला, पाइनची लागवड आली. अगदी १९७० च्या दशकातही जागतिक बँकेच्या मदतीने लागवडीसाठी जंगलाचा एक मोठा तुकडा साफ केला गेला, आणि तो या पोपटांच्या चरण्याचा भाग होता. आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. राहिलेल्या रानात बाहेरून आलेली मंडळी घुसली: उंदीर, माकडं, आपल्याकडून गेलेली साळुंकी, आपल्याकडून गेलेलं मुंगूस आणि दक्षिण अमेरिकेतला रानपेरू. आपला कंठवाला पोपटही एकोणिसाव्या शतकात तिथे पोचला आणि ढोलीसाठी भांडू लागला. हे वाचताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. बोटींमधून फक्त माणसंच गेली नव्हती तर!

१९८० च्या दशकाच्या मध्याला रानात जेमतेम डझनभर एको उरले. त्यात माद्या दोन-तीनच. जगात इतरत्र कुठेही नाहीत, प्राणिसंग्रहालयातसुद्धा नाहीत. वर्गात हजेरी घ्यायला एक मिनिट लागू नये एवढी ही जात!

अशा वेळी काय करावं, यावर जाणत्यांमध्येच मतभेद होते. पुष्कळांचं म्हणणं असं की पैसा आणि मेहनत आशा असलेल्या ठिकाणी लावावी. जे जाणारच आहे ते जाऊ द्यावं. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण मॉरिशसला आला. त्याला पाठवलं होतं ते तिथल्या ससाण्याचं काम आवरतं घेण्यासाठी. (१९७४ मध्ये मॉरिशसचे ससाणे फक्त चार माहीत होते.) हा गडी काम आवरायला आला आणि तिथेच राहिला. लहानपणी घरात जखमी पक्षी पाळलेला मुलगा. पक्षी हाताळायचं भय नव्हतं. त्याच्या पाठीशी जर्सी बेटावरची जेराल्ड ड्युरेल यांची संस्था होती, सरकार होतं आणि १९८४ मध्ये स्थापन झालेली मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन. ब्लॅक रिव्हर इथल्या पक्षिगृहात हे काम चाले. आज त्या जागेला ड्युरेल यांचंच नाव आहे.

त्यांनी केलं काय, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. आधी घरटी शोधली. उंच झाडांवर दोराने चढून ढोल्या तपासल्या. ज्या ढोलीत पावसाचं पाणी साचतं तिला निचरा करून दिला. उंदीर चढू नयेत म्हणून खोडाला गुळगुळीत पत्रा लावला. माकडांना उडी मारून पोचता येऊ नये म्हणून शेजारच्या फांद्या छाटल्या. घरट्यात माशांच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात, म्हणून तिथे औषध टाकलं. नैसर्गिक ढोल्या पुरेनात, तेव्हा लाकडी पेट्या बांधल्या. पहिल्यांदा पोपटांनी त्या नाकारल्या, पुढे स्वीकारल्या.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकोची मादी दोन ते चार अंडी घालते, पण एरवी त्यातलं बहुधा एकच पिल्लू उडेपर्यंत जगतं. मागून जन्मलेली भावंडं उपाशी मरतात, कारण रानात पुरेसं खाणंच नाही. या मंडळींनी ठरवलं की मरणारी पिल्लं आधीच उचलायची. एक आईजवळ ठेवायचं आणि बाकीची पक्षिगृहात आणायची, किंवा जिची अंडी फुकट गेली आहेत अशा मादीच्या घरट्यात ठेवायची. अशक्त पिल्लांना ऊब द्यायची, रोज वजन करायचं आणि ठरल्या वेळी हाताने भरवायचं, दिवसातून अनेक वेळा. ज्यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचं बाळ वाढवलं गेलंय त्यांना यातला जागता पहारा कळेल.

१९९७ पासून ही वाढवलेली पिल्लं रानात सोडायला सुरुवात झाली. तिथे नवी अडचण आली. माणसाच्या हातून खाल्लेला पोपट माणसाला भीत नाही, आणि जमिनीवर उतरायलाही भीत नाही. जमिनीवर मुंगूस आणि मांजर असतं. मग पिल्लं लवकर, कोवळ्या वयात सोडायला लागले, म्हणजे ती रानातल्या थोरांचं बघून शिकतील. शिट्टी वाजली की खाण्याच्या डब्याकडे यायचं, एवढी सवय मात्र लावली, म्हणजे पहिले महिने पोट भरेल. २००५ पर्यंत शंभराहून अधिक पोपट असे सोडले.

त्याच वर्षी चोच आणि पिसांच्या रोगाची साथ आली. पिसं झडतात, चोच बिघडते, पिल्लं मरतात. आता या घरट्यातून त्या घरट्यात पिल्लं हलवणं म्हणजे रोग हलवणं! ज्या उपायाने जात तगली होती तोच थांबवावा लागला. पंधरा-वीस वर्षं राबलेल्या माणसांना हात बांधून बघत राहणं किती जड गेलं असेल! पण तोवर रानात पुरेशा जोड्या झाल्या होत्या. पेट्या आणि खाण्याचे डबे चालू ठेवले, आणि पोपट वाढत राहिले. २०१५ पासून पूर्वेकडच्या फेर्ने खोऱ्यातही ते सोडले गेले. २०१९ मध्ये जागतिक यादीत या जातीचा धोका आणखी एक पायरी खाली आला. तेव्हा संख्या सुमारे साडेसातशे होती. जोन्स यांना २०१६ मध्ये इंडियानापोलिस पारितोषिक मिळालं ते अशा कामांसाठीच.

साडेसातशे म्हणजे आमच्या शाळेच्या पटापेक्षाही कमी. म्हणजे जिंकलो असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही. पेट्या दुरुस्त करणारी आणि डबे भरणारी माणसं उद्या थांबली तर काय होईल, हा प्रश्न आहेच. दोनशे वर्षं तोडलेलं जंगल चाळीस वर्षांत परत येत नाही. जंगल येईपर्यंत माणसाला तिथे आईची जागा चालवावी लागणार.

आता आपल्याकडे बघू. आपल्या वाड्या-चाळींत पिंजरा म्हणजे कायमचा मुक्काम. 'विठू विठू' शिकवायचं, मिरची द्यायची, पाहुण्यांना बोलून दाखवायचं. प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही. आमच्या आळीतल्या एका आजीबाईंनी राघूसाठी स्वतःच्या ताटातला भात काढून ठेवलेला मी बघितला आहे. पण तो राघू ढोलीतून उचललेलं पिल्लू होता, एवढं त्या प्रेमाला दिसत नव्हतं. ब्लॅक रिव्हरलाही पिल्लू ढोलीतूनच उचललं, पिंजऱ्यातच ठेवलं, हातानेच भरवलं. फरक हेतूचा होता. तिथला पिंजरा रिकामा झाला की माणसं खूश व्हायची.

१९७२ च्या कायद्याने आपला देशी पोपट घरात पाळणं गुन्हा आहे, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. तरी बाजारात पिल्लं येतातच. त्यातली काही पकडली जातात आणि पुनर्वसन केंद्रात पोचतात. तिथल्या लोकांपुढेही तोच पेच असतो: पंख छाटलेले, माणसाळलेले पोपट उडायला आणि भ्यायला पुन्हा कसे शिकवायचे? काहींना ते कधीच जमत नाही, आणि ते जन्मभर केंद्रातच राहतात.

तेव्हा घरच्या नातवंडांना एवढंच सांगणं आहे. वादळात पडलेलं पिल्लू सापडलं तर त्याला नाव ठेवू नका, बोलायला शिकवू नका. उबदार खोक्यात ठेवा आणि त्याच दिवशी वनखात्याला किंवा पक्षिमित्रांना कळवा. तुम्हाला विसरून जाणारा पोपट हाच खरा बरा झालेला पोपट.