ईईजी कोण चांगला वाचतं : डॉक्टर की कॉम्प्युटर?

घरात कुणाला फिट आली की डॉक्टर बऱ्याचदा ईईजी काढायला सांगतात. डोक्यावर २० च्या आसपास तारा चिकटवून मेंदूतले अगदी बारीक विद्युत सिग्नल लाटांच्या रूपात नोंदवले जातात. माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी घेतला. त्यानंतर कितीतरी दशकं या लाटा वाचायचं काम फक्त डोळ्यांचं होतं.

वाचणं अवघड का?

पापणी लवली, दात आवळले, तार सैल झाली, तरी लाट उमटते. या गर्दीतून अपस्माराची खूण असलेलं 'स्पाइक' शोधायचं. ते सेकंदाच्या दहाव्या भागाइतकंही टिकत नाही! २० मिनिटांचं रेकॉर्डिंग म्हणजे १०-१० सेकंदांची १२० पानं. एकाच टोकाला एक डॉक्टर स्पाइक म्हणतो, दुसरा नाही. चूक झाली तर धडधाकट माणूस वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या खात बसतो.

कॉम्प्युटर कसा शिकला?

२०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 'स्पाइकनेट' आणलं. त्यासाठी ८ तज्ज्ञांनी १३ हजारांहून जास्त संशयित टोकांवर मत दिलं होतं. २०२३ मध्ये 'स्कोअर-एआय' आलं, ३० हजारांहून जास्त ईईजींवर शिकलेलं. ११ तज्ज्ञांनी तपासलेल्या १०० ईईजींवर त्याची परीक्षा झाली, तेव्हा ते तज्ज्ञांच्या तोडीचं ठरलं.

मग डॉक्टर कशाला?

कारण कॉम्प्युटरची उत्तरपत्रिका तज्ज्ञांच्याच उत्तरांशी ताडली जाते. जिथे तज्ज्ञांचंच एकमत नाही, तिथे 'बरोबर' म्हणजे फक्त बहुमत. कॉम्प्युटर थकत नाही, त्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंग चाळायला तो उत्तम. पण स्कोअर-एआय नेहमीच्या ईईजीसाठी बनवलंय. अत्यवस्थ रुग्ण आणि ३ महिन्यांपेक्षा लहान बाळं त्यात धरलेली नव्हती.

आणि मुख्य म्हणजे, अपस्मार असूनही पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. निदान ठरतं ते फिट नेमकी कशी आली यावरून. ते लाटा सांगत नाहीत, पाहणारा सांगतो.

तुमचा फोन इथे कामाला येतो

कुणाला फिट आली तर आधी त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, तोंडात काही घालू नका आणि वेळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८ ला फोन करा. सोबत दुसरं कुणी असेल तर त्याला व्हिडिओ काढायला सांगा. तो फक्त डॉक्टरांना दाखवायचा, ग्रुपवर टाकायचा नाही.