तिठ्यावरचा हिशेब

संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना कंपायलर काटकसरही करतो, हे कधीतरी वाचले आणि तिथेच अडकलो. काटकसर म्हणजे एकदा झालेले गणित पुन्हा न करणे. सरळ वाटेवर हे सोपे आहे; पंचाईत होते ती 'जर–तर'च्या फाट्यावर.

रत्नागिरीकरांना ती नकाशावर दाखवता येईल. मुंबईहून महामार्गाने येताना निवळीला गणपतीपुळ्याचा फाटा फुटतो. तसेच पुढे गेले की हातखंब्याचा तिठा. तिथे पालीवरून आलेल्या कोल्हापूरच्या गाड्याही मिळतात आणि सगळे रत्नागिरीकडे वळतात. (गोव्याला जाणारे तूर्त सोडून देऊ.) समजा, रत्नागिरीत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीची एकदा तपासणी हवी आणि कोल्हापूरच्या गाड्यांची ती पालीलाच झाली आहे. नाका हातखंब्याला ठेवला, तर त्यांची तपासणी दोनदा होते. निवळीच्या अलीकडे ठेवला, तर पुळ्याला निघालेला भाविक विनाकारण अडतो. नाका निवळी आणि हातखंबा यांच्या मधल्या तुकड्यावरच हवा. अशा तुकड्याला या शास्त्रात 'क्रिटिकल एज' म्हणतात.

भाविकाचा खोळंबा हा नुसता वेळेचा प्रश्न नव्हे. 'भाजक शून्य नसेल तरच भाग' असे प्रोग्राममध्ये असताना कंपायलरने भागाकार अटीच्या आधी नेला, तर चांगला चालणारा प्रोग्राम कोसळेल.

काही वाटांनी आधीच झालेले आणि काही वाटांनी न झालेले गणित कसे हाताळावे, याची पद्धत मोरेल आणि रेनव्हॉज यांनी 1979 मध्ये मांडली. पण त्यांचे नाके ठाण्यांवरच बसत, मधल्या रस्त्यावर नाही. त्यामुळे अशा जागी दुहेरी गणित तसेच राही. पवईच्या आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांनी 1988 च्या निबंधात नाका थेट रस्त्यावर नेला, आणि 1991 मध्ये मूळ पद्धतीचा व्यवहारात वापरता येईल असा अवतार दिला. पुढे 1992 मध्ये नूप, र्‍यूथिंग आणि स्टेफन या जर्मन त्रयीने अशा तुकड्यावर आधीच एक रिकामे ठाणे बसवून सारा हिशेब सोपा केला. गाजली ती त्यांची पद्धत, आणि ती आहेही देखणी. तरी विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण आर्यभटापाशी जितके रेंगाळतो, तितके पवईपाशी थांबत नाही, हे मला खटकते.

ढमढेरे 2002 मध्ये पुन्हा याच विषयाकडे आले. पद्धत सोपी केल्याचे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच म्हटले आहे. मला ती कळायला एक अख्खा पावसाळा लागला.