साष्टींतील दोन निवडणुका व वृत्तपत्रांची साक्ष

निवडणुकांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास वृत्तपत्रांइतकें विपुल साधन दुसरें नाहीं. परंतु हेंच साधन त्यास सर्वांत अधिक फसवितें. कारण निवडणुकीच्या काळीं वृत्तपत्र हें त्रयस्थ साक्षीदार नसून बहुधा वादांतील पक्षकार असतें. पक्षकाराच्या जबानीवरून निकालाचीं कारणें ठरवूं नयेत, हें साष्टी बेटावरील 1962 व 1967 सालच्या लोकसभेच्या निवडणुकांवरून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

साष्टीचा बराचसा भाग म्हणजेच मुंबईचीं उपनगरें. 1950 सालीं जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा, आणि 1957 सालीं दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबई महापालिकेच्या हद्दींत आला. जुनीं गांवठाणें, मिठागरें, नवे कारखाने व रोज आगगाडीनें शहरांत जाणारा नोकरदार वर्ग, असा येथील मतदार संमिश्र होता.

1957 सालीं येथून निवडून आलेले कृष्ण मेनन 1962 सालीं संरक्षणमंत्री या नात्यानें पुन्हां उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी आले. करंजियांचें ‘ब्लिट्झ’ मेनन यांच्या बाजूनें, तर कराकांचें ‘करंट’ त्यांच्याविरुद्ध हिरिरीनें लढलें. मेनन यांस सुमारें 2 लाख 97 हजार, व कृपलानींस सुमारें 1 लाख 51 हजार मतें पडलीं. केवळ ‘ब्लिट्झ’चे अंक चाळणाऱ्यास हा लेखणीचा विजय वाटेल. परंतु दोन्हीं साप्ताहिकें इंग्रजी; गांवठाणांतील व चाळींतील बहुसंख्य मतदारांचा त्यांच्याशीं संबंध तो कितीसा? त्या मतदारांपर्यंत पोहोंचली ती काँग्रेसची संघटना, खुद्द पंडित नेहरूंचा प्रचार, कम्युनिस्टांचें साहाय्य व डिसेंबर 1961 मधील गोवामुक्तीची ताजी वार्ता.

चिनी आक्रमणानंतर 1962 सालींच मेनन यांस मंत्रिपद सोडावें लागलें. 1967 सालीं काँग्रेसनें उमेदवारी नाकारल्यामुळें ते ईशान्य मुंबईंतून, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या बाजूनें, अपक्ष उभे राहिले. काँग्रेसचे उमेदवार स. गो. बर्वे हे सनदी नोकरींतून राज्याच्या मंत्रिमंडळांत आलेले गृहस्थ होते. या खेपेस झुंज मराठी पत्रांची झाली. 15 नोव्हेंबर 1956 रोजीं निघालेला आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ मेनन यांच्या पाठीशीं होता; 13 ऑगस्ट 1960 रोजीं निघालेलें बाळ ठाकरे यांचें ‘मार्मिक’ त्यांच्या विरोधांत. मेनन सुमारें 13 हजार मतांनीं पडले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे निवर्तले, आणि पोटनिवडणुकींत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनींहि मेनन यांचा पराभव केला.

मग हा विजय व्यंगचित्रांचा मानावा काय? आमच्या मतें, अंशतःच. ‘मार्मिक’नें कचेऱ्यांतील परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखालीं छापल्या, आणि त्या वाचणाऱ्यांतून 19 जून 1966 रोजीं शिवसेना उभी राहिली. वाचकांचे कार्यकर्ते झाले, हें त्याचें खरें बळ. तथापि ज्या काँग्रेस-यंत्रणेनें 1962 सालीं मेनन यांस तारलें, तीच आतां बर्व्यांच्या मागें होती, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. उलटपक्षीं ‘मराठा’ची भाषा 1967 सालीं मुळींच थंडावलेली नव्हती, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत तिच्यामागें जी संघटित चळवळ होती, ती मात्र मे 1960 मध्यें राज्य मिळाल्यावर ओसरली होती. त्याच वर्षीं मध्य मुंबईंतून लोकसभेस उभे राहिलेले खुद्द अत्रेहि पराभूत झाले.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, वृत्तपत्र मत घडवितें त्यापेक्षां तें अधिक करून आधींच्या भावनेस शब्द देतें. त्या शब्दांचें मतदान होण्यास दारोदार फिरणारे पाय लागतात. उपनगरांचा राजकीय इतिहास लिहिणाऱ्यानें म्हणून जुन्या अंकांतील अग्रलेख अवश्य वाचावे. पण प्रत्येक मजकुरापुढें ‘हें वाचणारा कोण, व त्याच्या दारीं गेला कोण’ हे दोन प्रश्न मांडल्यावांचून निर्णय देऊं नये.